कोकीचा वरचा सूर

मायागुएझ, मंगळवार, ४ मार्च

माझ्या खुर्चीवर घोर अन्याय झाला आहे. इतकी वर्षं खिडकीशी होती. आज दाराशी, आणि तिच्या जागी नेरेइदाचा स्पीकर. खुर्चीने कुणाचं काय बिघडवलं होतं?

नेरेइदा म्हणजे आमच्या खोलीतली नवी मुलगी. डोंगरातल्या दवाखान्यांचं संगणकांचं जाळं आम्ही सांभाळतो, आजवर पडद्यावरच्या रेघा बघून. तिने जाळ्याला आवाज दिला—कोकीचा. परसापरसांत ओरडतो, तोच बेडूक! इथून हाक गेली, खालचा ‘को’. दवाखान्यातून उत्तर आलं, वरचा ‘की’. ‘की’ नाही, म्हणजे तिकडे काहीतरी बंद.

एफ्राइनसाहेब म्हणाले, “कान असावा तर असा.” वेदपाठशाळेत उदात्त-अनुदात्त घोकण्यात माझं बालपण गेलं. माझ्या कानांना कुणी कधी काही म्हणालं नाही.

गुरुवार

जेवताना नेरेइदा मोफोंगोचा घास हातातच धरून थबकली. “उतुआदोच्या दवाखान्याचा ‘की’ रेंगाळतोय.” तपासलं. खरंच. टाळ्या. मीही वाजवल्या, जरा सावकाश.

शुक्रवार

जळफळाट. बाकी क्षेम.

सोमवार, १० मार्च

सगळे जेवायला गेलेले. स्पीकरपाशी मी एकटा. नुसता ‘को, को, को’. एकाही दवाखान्याचं उत्तर नाही. खोटं कशाला लिहू—मनात लाडू फुटले. पडद्याकडे न बघताच सगळं जाळं बंद करून पुन्हा चालू केलं. तेवढा वेळ डोंगरभर दवाखाने ताटकळले.

नेरेइदा धावत आली. “डॉन विक्रम,” इथे ‘डॉन’ म्हणजे आपल्याकडचं ‘राव’, “काय केलंत हो? सगळं झकास चाललं होतं.”

“उत्तरंच येत नव्हती.”

तिने मघाचा आवाज पुन्हा लावला. “हा काय ‘की’. ऐका ना.”

“हं,” मी म्हणालो. “आता येतोय.”

एफ्राइनसाहेब हसले, “विक्रम, बेडकावर कसला राग काढतोस?” ती हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली.

मंगळवार

संध्याकाळी परसात उभा होतो. बायको, इवेलिस, स्वयंपाकघरातून म्हणाली, “आज कोकींनी कसा गळा काढलाय, ऐकतोयस ना?”

“ऐकतोय,” म्हणालो. मला परसातही नुसता ‘को’ ऐकू येत होता.

पुढच्या आठवड्यात खोलीतले रेघांचे पडदे काढून नुसता आवाज ठेवणार आहेत. एखाद्या दवाखान्याचं उत्तर थांबेल आणि मला ते कळणार नाही. भीती वाटते. अजून कुणाला सांगितलेलं नाही.