माशांवरचं दूध

प्रिय वन्सं,

बावीस वर्षांनी माझं अक्षर बघून कागद फाडावासा वाटेल, पण फाडू नका. शिलाईच्या दुकानात आजवर हजारो काजं केली, कधी एक टाका वाकडा पडला नाही. आज मात्र एक ओळ धड सरळ येत नाहीये.

माझ्या स्वयंपाकघराची तुम्ही किती थट्टा करायचात! दुधाचं पातेलं एका टोकाला, माशांची कढई दुसऱ्या टोकाला आणि मध्ये मी पहारेकरी. गरम पाण्यात मध नाही, दुधात फळ नाही, तूप आणि मध समसमान तर नाहीच नाही. वहिनीकडे जेवायला बसायचं म्हणजे परीक्षेला बसायचं, म्हणायचात. मीही हसायचे, पण दुधाचं पातेलं आणखी लांब सरकवायचे. माशांवर दूध प्यायलं की अंगावर कोड उठतं, हे आईनं लहानपणीच मनात घातलेलं.

ठकू सात वर्षांची असताना आठ दिवस तुमच्याकडे राहून आली आणि महिन्याभरात तिच्या ओठांच्या कडेला पांढरा डाग उमटला. सगळ्यांदेखत मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. माझ्या लेकीचं वाटोळं केलंत म्हणाले. तुम्ही एवढंच म्हणालात, वहिनी, दूध मी दिलंच नाही. मग चपला घालून निघून गेलात. तुमचे दादा गेले तेव्हाही तुम्ही दारातूनच परत फिरलात, तेही माझ्यामुळेच.

ठकूला आता पाचवा महिना आहे. दूध नाही, मासे नाहीत, शिजवलेलं काहीही ती दहादा विचारून खाते. बाळ वाढत नाहीये म्हणून डॉक्टरीणबाई तिला रागावल्या. कोडाचा आणि मासे-दुधाचा काही संबंध नाही, असंही त्यांनी समजावलं. पण जन्मभर मी भरवलेलं भय दोन शब्दांनी थोडंच उतरतंय? बाळालाही डाग पडला तर, या धास्तीनं ती वाळत चाललीय, आणि सगळा राग तुमच्यावर. उद्या ती तुम्हाला जाब विचारायला येतेय. मला फार भीती वाटतेय, वन्सं.

गेल्या महिन्यात शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान काढलं, तर माझ्याच बोटावर पांढरा ठिपका दिसला. माशांवर दूध मी जन्मात घेतलेलं नाही. मग आता कोणाला दोष देऊ?

तेव्हा ते आठ दिवस राहून ठकू तुमच्याकडून दमून परतली होती. काय जेवलीस, हे न विचारता मीच तिला पेलाभर दूध पाजलं. रिकामा पेला परत देताना ती म्हणाली, आत्यानं दुपारी मासे केले होते. मासे तुमचे, दूध माझं, आणि बोल मात्र सगळा तुम्हाला. हे तिला तोंडावर सांगायची छाती मला अजून होत नाही. म्हणून हे पत्र तिच्याच हाती देतेय आणि पाकीट चिकटवलेलं नाही. दुसऱ्याची पत्रं वाचायची तिची जुनी खोड, बसमध्येच वाचेल. तेव्हा हे तुमच्यापर्यंत पोचलं, तर सगळं कळूनही ती तुमच्या दारात उभी आहे, असं समजा. तिला आत घ्या, पोटभर जेवायला वाढा. माझ्याकडे ती परत येईल का, हे विचारायचं मात्र धाडस होत नाही.

तुमचीच भित्री
वहिनी