ताटात काय उरलं

आई,

इथूनच तुझ्या पाया पडतो. मी बरा आहे, जेवण वेळेवर मिळतं.

मला कोळंबीच्या तळ्यावर खाणं घालायचं काम दिलंय. पहिल्या आठवड्यात तुझ्यासारखाच आग्रह केला आणि रोज दोन ओंजळी जास्त टाकल्या. मुकादम म्हणाला, "अरे, पाहुण्यांना वाढतोयस का? उरलेलं कुजतं, पाणी नासतं."

आता चिमूटभर खाणं जाळीच्या ताटलीत घालून तळाशी सोडतो आणि दोन तासांनी वर काढून बघतो. ताटली रिकामी असली तर सगळं ठीक. उरलं असलं तर कोळंबी कात टाकतेय, नाहीतर पाणी बिघडलंय.

तू आमची ताटं उचलताना हेच करायचीस ना? माझ्या ताटात चार घास उरलेले दिसले की काही न विचारता माझ्या कपाळाला हात लावून ताप बघायचीस.

काल माझ्या ताटात बरंच उरलं होतं. मीच ते धुऊन ठेवलं. सहज आठवलं म्हणून लिहिलं, मनाला लावून घेऊ नकोस.

ताई सांगत होती, बाबा गेल्यापासून तू एकटीच जेवायला बसतेस. मग तुझ्या ताटात काय उरतं, ते कोण बघतं गं?

तुझा धाकटा