निळी तार

मॅडम, तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली. आयटीआय मी अर्धवट सोडलं, त्यानंतर चार गावं, सात धंदे. पण बोदलकसा तलावाचा तो दिवस काही सुटत नाही. मासेमारांच्या सोसायटीला मत्स्यबीजाच्या टाकीचं तापमान दाखवणारं यंत्र हवं होतं. ते तुम्ही आयटीआयमध्ये बनवलंत, मी तुमचा विद्यार्थी म्हणून मदतीला. बोर्ड आणि सेन्सर यांच्यात पाच-सहा तारा, त्यातली निळी सेन्सरला सांगणार की आता तू बोल. सकाळी तीच काढून मी माझ्या स्पीकरला लावली होती. गाणं ऐकायचं होतं, दुसरं काय! परत खोचली ती एक भोक सोडून. मग तलावावर पडद्यावर नुसतं दोनशे पंचावन्न. "बाई, एवढ्या गरम पाण्यात मासोळ्या शिजूनच जातीन जी," एक म्हातारा म्हणाला, आणि सगळे हसले. तुम्ही पण हसलात, पण कान लाल झालेले. "काऊन रे, तारा पाहिल्या ना एकेक?" "पाहिल्या जी मॅडम." पाहिल्या नव्हत्या. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात आणि तलावाच्या पाळीवर, उन्हात, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलात, बोर्ड आणि सेन्सर ज्या तालावर बोलतात त्या क्लॉकचा वेग कमी करत.

दुपारी मला तार दिसली. बोललो नाही, सगळे बघत होते. लोक कंटाळून जाळी ओढायला गेले, तुम्ही पाणी प्यायला उठलात, तेव्हा हळूच सरकवली. तुम्ही परत येऊन कमी वेगाचा प्रोग्राम चढवलात आणि पडद्यावर अठ्ठावीस! "आपणच फार जोरात धावून राहिलो होतो रे!" तुमचा चेहरा मला आत्ताही दिसतो. पण बघायला कोणी उरलं नव्हतं. सोसायटीनं पुन्हा बोलावलं नाही, आणि तुम्ही वहीत लिहिलंत: दोनशे पंचावन्न आलं तर आधी वेग कमी करा.

आज नागऱ्याकडच्या एका राइस मिलमध्ये गेलो होतो. धान सुकवायच्या यंत्रावर तेच दोनशे पंचावन्न. तिथला मेकॅनिक तुमचाच विद्यार्थी निघाला, माझ्या नंतरच्या बॅचचा, पण वयानं माझ्यापेक्षा मोठा. सकाळपासून वेगच कमी करून राहिला होता. "आमच्या मॅडमनं बोदलकशात असंच चालू केलं होतं भाऊ." मी तारांवरून बोट फिरवलं, एक ढिली होती. तो चहा सांगायला गेला तेव्हा बसवली. आल्यावर त्यानं प्रोग्राम चढवला, आकडा आला. "पाहा! मॅडम म्हणजे मॅडम." मी म्हटलं, "बरोबर आहे जी."

तुमचा मान राखला असं समजून गाडी काढली, पण कुडवा गावाच्या पुढे जाववेना. टपरीवर बसून हे लिहून राहिलो. तुमच्यापर्यंत हे पोचणार नाही, त्या मेकॅनिकपर्यंत पोचू शकतं. त्याचा नंबर मोबाइलमध्ये आहे. दोनदा मोबाइल काढला आणि परत खिशात ठेवला.