विसावं अंडाशय

चेरीताल, जबलपूर

ती. इंदू मावशीला प्रणालीचा नमस्कार.

आम्ही इथे सगळे बरे आहोत. तूही बरी आहेस असं तू नागपूरहून फोनवर म्हणतेस, पण गर्भपिशवी काढायला डॉक्टरांनी सांगून आठ महिने झाले, तेव्हा माझा त्यावर विश्वास नाही. (उद्धट वाटलं तर क्षमा कर. पण "असेल तेच लिही" हे तूच माझ्याकडून पाटीवर गिरवून घेतलंस. शाळेत मी नंतर गेले.)

माझं संशोधन अडलंय. अंडाशयात पेशींना वाढीचा निरोप देणारी प्रथिनं असतात, त्यांना वाढघटक म्हणतात. निरोगी अंडाशयात ती दर महिन्याला बीजाला "वाढ" म्हणतात आणि काम झालं की गप्प बसतात. काही गाठींत मात्र ती बोलतच राहतात. (आई म्हणाली, "काहून, आपल्या नीलिमा आत्यासारखी?") कोणतं कुठे किती बोलतं हे कळलं, तर उद्या नेमकं त्यालाच गप्प करणारं औषध देता येईल. म्हणून वीस गाठी आणि वीस निरोगी अंडाशयं शेजारीशेजारी तपासायची. गाठी वीस मिळाल्या. निरोगी एकोणीस.

विसावं होतं कुंडम गावच्या कुसुमबाईंचं. त्यांची पिशवी अंडाशयांसकट काढायची होती. मी चार पानी संमतीपत्र हिंदीत मोठ्यानं वाचलं, त्यातलं "कधीही नकार देता येईल" तर तीनदा (दुसऱ्यांदा पंख्याचा आवाज मध्ये आला असं वाटलं). अंगठा झाला, ऑपरेशन झालं, तुकडा माझ्या बाटलीत आला. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "बेटी, हमारावाला रखोगी कहाँ?" मी खरं ते सांगितलं: गाठींच्या शेजारी.

"अच्छी-भली चीज़ बीमारवालियों के बगल में? लग जाएगी!"

चाळीस मिनिटं मी समजावलं की गाठीची अशी लागण होत नाही. चित्रं काढली. शेजारच्या तीन खाटांना पटलं; त्यातल्या एकीनं तर आठवडाभर मनात दाबून ठेवलेला स्वतःच्या गाठीचा प्रश्नही विचारून टाकला. शेवटी कुसुमबाई म्हणाल्या, "समझ गए, नहीं लगती. फिर भी ना. तुम्हीं ने तीन बार पढ़ा था." आणि माझ्या हातावर महुआचा लाडू ठेवला.

नमुना अभ्यासातून काढला. माझ्या मार्गदर्शक विनता मॅडम म्हणाल्या, "अब एक ही बार पढ़ना." मी अजून तीनदाच वाचते. पण मावशी, एकोणीस निरोगी आणि वीस गाठी यांत फरक दिसतोय. (दिसतोय असं म्हणू नये. दिसेलसं वाटतं.)

तुझी,
प्रणाली

ता. क. ऑपरेशन इथे येऊन कर. मी जवळ असेन.

ता. क. दुसरा: इथे नको. तुझीही अंडाशयं काढणार आहेत, आणि "ये" म्हणताना भाची बोलतेय की विसावा नमुना, हे माझं मलाच ठरवता येईना. नागपुरातच कर. पण कर.

ता. क. तिसरा: "ह्यांना विचारून सांगते" म्हणू नकोस. तुझ्या ह्यांनीच, भाऊराव काकांनी, तिथल्या डॉक्टरांकडून चौदा तारीख घेऊनसुद्धा टाकलीय. तुला सांगायची त्यांची छाती होईना, म्हणून मला पत्र लिहायला लावलं. त्यांचं नाव सांगणार नाही असं वचन मी दिलेलं नाही. (त्यांनी मागितलं होतं. मी खोकले.)