अर्धं शटर

रविवार, १२ तारीख
दुपारी

चि. धाकट्या,

ताईचा आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत, हे सवयीनं लिहिलं गेलं. तुझी पाठ कशी आहे? बाटल्यांचे खोके स्वतः उचलू नकोस, हजारदा सांगून झालंय.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितेय.

बार अकराला बंद करायचा नियम आला तेव्हा तू माझ्यावरच उखडला होतास, जणू तो मीच केला. "तुझ्या वॉर्डाला आराम, आणि मी माश्या मारत बसू?" पण आराम खरंच पडला रे. आधी शनिवारी मारामारीत फुटलेली डोकी शिवताना आमचे हात भरून यायचे. नियमानंतर मी शनिवारच्या ड्यूटीला बसून जेवायला लागले.

मग तू तुझी युक्ती काढलीस. अकराला पुढचे दिवे बंद, शटर अर्धं खाली, ओळखीचे चारजण आत आणि चहाच्या कपातून दारू. मला ते ठाऊक होतं. सोन्याला तुझ्याकडे मीच बसायला पाठवलं. "बाहेर कुठेतरी पिऊन मार खाण्यापेक्षा मामाच्या नजरेखाली राहील," हे माझेच शब्द. नियम सगळ्यांच्या पोरांसाठी हवा होता मला, माझं तेवढं सोडून.

तो मार खाईल याचीच भीती होती. मारेल हे डोक्यातच आलं नाही.

शुक्रवारी रात्री तुझ्या मागच्या गल्लीत जो माणूस पडलेला सापडला, तो बेकरीत कामाला आहे. रात्रपाळीला निघाला होता. आता माझ्याच वॉर्डात आहे, अजून शुद्धीवर आलेला नाही. त्याच्या डोक्याचं बँडेज मी बदलते. काल त्याची बायको म्हणाली, "सिस्टर, आधी मी यांना रात्रपाळी घेऊच देत नव्हते. बार लवकर बंद व्हायला लागले, रस्ते शांत झाले, म्हणून हो म्हटलं." मी बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि रडले.

सोन्यानं काल मला सगळं सांगितलं. त्या माणसानं नुसतं "जरा वाट दे" म्हटलं होतं. सोन्याच्या सुजलेल्या हाताला मी घरी बर्फ लावते आणि मग वॉर्डात त्या माणसाजवळ जाऊन उभी राहते. मला आता हे होत नाही. मला वेड लागेल.

दुकान अकरालाच बंद होतं, असं तू पोलिसांना सांगितलंस. थोडं परवान्यासाठी, बरंचसं भाच्यासाठी. मी रागावलेली नाही. तुझ्यावर रागवायला मला तोंड कुठे आहे?

उद्या सकाळी सोन्याला घेऊन मी पोलीस ठाण्यात जाणार आहे. तो कुठे प्यायला होता हे विचारतील आणि मी सांगणार. परवाना जाईल, तुझी लेकरं मला शिव्या देतील. त्याआधी तू स्वतः गेलास तर मला भाऊ तरी उरेल.

हे पत्र घेऊन सोन्याचे बाबाच येत आहेत. पोराला ताप आहे, एवढंच त्यांना माहीत आहे. कालपासून माझी जीभ रेटत नाही. आत्ता ते तुझ्यासमोर उभे असतील. त्यांना बसव, पाणी दे, आणि मग तूच सांग.

तुझी,
ताई