हत्तिणीसमोर उलट बोलल्याबद्दल

लुसाका, ऑक्टोबरअखेर

तीर्थरूप कापेम्ब्वा मामांच्या सेवेशी,

कसोंडेचा गुडघे टेकून, टाळ्या वाजवून नमस्कार. (प्रत्यक्षात मी ऑफिसातल्या खुर्चीवर बसलो आहे. इथे जमिनीवर गुडघे टेकले की लोक विचारतात, काय हरवलं? तेव्हा टेकले असं समजून घ्यावं.) आपली तब्येत कशी आहे? गुडघ्याचं दुखणं, खोकला आणि गेल्या वर्षी छातीत जे काही धडधडत होतं ते, सगळं खुलासेवार कळवावं. मी केवळ रीत म्हणून विचारत नाही, हे पुढे आपल्या लक्षात येईल. मामींनी पाठवलेल्या सुकवलेल्या अळ्या पोचल्या. शेंगदाण्याच्या कुटात परतून रोज मक्याच्या घट्ट शिम्याबरोबर खातो, तेवढं एकच सुख सध्या उरलं आहे. फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तुम्ही "हं, बोल" म्हणता आणि मी बोलायला लागलो की बॅटरी संपते (तुमची, दर वेळी). कसामाच्या बसचे ड्रायव्हर हे पत्र हातोहात आणून देतील.

तुम्ही गावात सगळ्यांना सांगता की आमचा भाचा सिंहांच्या खात्यात आहे. मामा, मी अजून सिंह पाहिलेला नाही. मी परदेशी पाहुण्यांच्या सफारी आखतो, म्हणजे कोणत्या दिवशी कोणतं विमान, कोणत्या तळावर मुक्काम आणि कोणाला मासे चालत नाहीत, एवढंच बघतो. जंगलाविषयी मी जे लिहितो ते माझ्या आधीच्या माणसाने लिहिलेलं वाचून लिहितो, आणि त्यानेही तसंच केलं असावं असा मला दाट संशय आहे. लहानपणी तुमचा तो लाल कोंबडा माझ्या पाठीवर बसला होता, तेव्हापासून पंख किंवा शेपूट असलेल्या कोणाशीही माझं जमलेलं नाही, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे? (कोंबड्याचं तुम्ही कालवण केलंत, पण माझं मन शांत झालं नाही.)

आता झालं असं की यंदा मला अवदसा आठवली. सगळ्या कंपन्या पाहुण्यांना जीपमध्ये बसवून तेच ते दाखवतात, तर आपण एकाच सफारीत सगळं का गुंफू नये, असं माझ्या डोक्यात आलं. झांबेझीवर होडी, मग कसांकात झाडावर चढून लाखो वटवाघळं, आणि शेवटी लुआंग्वाच्या खोऱ्यात चक्क पायी भटकंती. वर मी लिहिलं, "प्रत्येक पावलाला काळजाचा ठोका चुकेल." हे मी दुसऱ्यांच्या काळजाबद्दल लिहिलं होतं. पण स्कॉटलंडच्या तीन बहिणींनी, तिघीही सत्तरी ओलांडलेल्या, ते वाचलं आणि कळवलं की योजना फारच आवडली, मात्र ज्याने ती इतक्या प्रेमाने लिहिली तो माणूस सगळीकडे आमच्याबरोबर हवा, नाहीतर आम्ही येत नाही. आमच्या मालकीण नालिशेबो बाई सहसा आवाज चढवत नाहीत. त्या म्हणाल्या, लिहिलंस ना, मग आता चाल. आधी एकटा सगळं फिरून ये, आणि जमत नसेल तर खुर्ची दुसऱ्याला दे. मामा, या खुर्चीवर माझं भाडं, आईचं औषध आणि गावातली तुमची ऐट असं सगळंच बसलेलं आहे. म्हणून मी गेलो.

झांबेझीचं थोडक्यात सांगतो, कारण आठवलं की अक्षर बिघडतं. होडी म्हणजे एक लांबट परात. खाली पाणी, पाण्यात पाणघोडे, आणि पाणघोडे नसतील तिथे मगरी, अशी तिथे सोय आहे. होडीवाला थोड्या थोड्या वेळाने वल्ह्याने होडीच्या कडेवर ठकठक करायचा. मी विचारलं, हे कशासाठी? तर म्हणे, आपण कुठे आहोत ते पाणघोड्यांना कळावं म्हणून. माझी सगळी आशा त्यांना ते कळू नये यावरच होती. कसांकात वटवाघळं अजून यायची होती, तेव्हा नुसतंच झाडावर चढून पाहायचं होतं. शिडीने चढलो, वरच्या फळ्यांवर बसलो, आणि उतरायची वेळ आली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला तिथेच राहायला आवडेल. शेवटी खालून दोरी फेकली, आणि मी धान्याच्या पोत्यासारखा उतरलो. खाली जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या, त्या आदराच्या नव्हत्या.

मग लुआंग्वा. तिथे पायी फिरायचं तर पुढे सरकारी बंदूकधारी रक्षक लागतो, आणि आमच्या वाट्याला आली ती तोकोझानी जेरे. नावावरून ओळखलंच असेल, न्गोनी जमातीची. उंच, सावकाश चालणारी, आणि माझं आडनाव कळताच तिचा चेहरा असा उजळला की जणू कोणी मेजवानीचं बोलावणं दिलं. तुम्हाला काय सांगायचं, न्गोनी आणि आपण बेंबा, पणजोबांच्या लढाया मिटल्यापासूनचे थट्टेचे भाऊबंद. त्यांनी आपल्याला माकडखाऊ म्हणायचं, आपण त्यांना उंदीरखाऊ, आणि रागवायचं कोणीच नाही. (थोरल्या मावशीच्या मयताला तो शेजारचा न्गोनी कबरीत जाऊन आडवा झाला होता आणि भाडं मिळाल्याशिवाय उठणार नाही म्हणाला होता, तेव्हा आई रडता रडता हसली होती. त्या हसण्यानेच ती त्या दिवशी तगली, असं तुम्हीच नंतर म्हणाला होतात.)

तर ही बाई सकाळपासून सुटलीच. आम्ही तिघे एकामागे एक चाललो होतो, पुढे बंदूक घेऊन ती, मधे मी, मागे चहाची किटली घेतलेले तळावरचे टेम्बो काका. आधी तिने माझ्या बुटाशेजारी आपलं पाऊल ठेवून माप घेतलं आणि म्हणाली की सिंह बूट खात नाहीत, तेव्हा हे मला राहू दे. मग मातीत बिबट्याचा ठसा दाखवून सांगितलं की हा बेंबांच्याच मागावर असतो, कारण आपण पळायला लागलो की तो हसून हसून दमतो आणि मग त्याला भूक लागते. मागून टेम्बो काका खुसखुसत होते. प्रत्येक झुडपात मला दात दिसत होते, पण रीत म्हणजे रीत, उत्तर द्यायलाच हवं. मी चालता चालता एक फर्मास उत्तर जुळवत होतो. (खरं सांगायचं तर त्या उत्तराच्याच आधाराने पाय उचलत होते. आणि तिच्या टोमण्यांच्याही. माणूस थट्टा करतो आहे तोवर आपण जिवंत आहोत, एवढा तरी भरवसा असतो.)

एका वळणावर ती थांबली आणि मागे न बघता हळूच म्हणाली, "बेंबा, खाली बस. डावीकडे हत्तीण आहे, पिल्लू बरोबर आहे."

मला वाटलं, हीच ती संधी. मी उभाच राहिलो, कमरेवर हात ठेवले आणि खणखणीत आवाजात म्हणालो की तुझ्या आजीला माझा नमस्कार सांग आणि विचार, घरातले उंदीर संपले म्हणून एवढ्या लांब चरायला आली का? आणि हसत डावीकडे पाहिलं, तर त्या झुडपाला कान होते.

पुढचं मी नीट सांगू शकत नाही. कान फडकले, तुतारीसारखा आवाज झाला आणि झुडूप आमच्याकडे यायला लागलं. टेम्बो काका किटलीसकट जमिनीला चिकटले होते. मला बसायचं होतं, मामा, मनापासून बसायचं होतं, पण कुठलाही वडीलधारा दिसला की आपोआप वाकणारे माझे गुडघे नेमके त्या वेळी वाकेनात. तोकोझानी माझ्या आणि हत्तिणीच्या मधे जाऊन उभी राहिली. बंदूक खांद्याला लावली, पण झाडली नाही. एका हाताने बंदुकीच्या दस्त्यावर थापट्या मारत ती हत्तिणीशी बोलत होती, पाण्याच्या नळावर एखाद्या चिडलेल्या बाईला समजवावं तशी. हत्तीण इतक्या जवळ येऊन थांबली की तिने उडवलेली धूळ माझ्या तोंडात गेली. मग तिने पिल्लाला सोंडेने ढकललं आणि दोघं निघून गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत तोकोझानीने बंदूक खाली घेतली नाही.

टेम्बो काकांनी चहा ओतला. मी कप हातात घेतला आणि चहा शर्टावर प्यायलो. तोकोझानीने खाली बसून बंदूक मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाली, "अजून दोन पावलं आली असती तर मला तिला मारावं लागलं असतं. पिल्लाच्या डोळ्यांदेखत. तुझ्या एका वाक्यासाठी."

मी म्हणालो, मला वाटलं तू थट्टा करते आहेस.

"थट्टा करताना मी कधी हळू बोलले का?" ती म्हणाली, आणि उठली.

आणि तेव्हापासून मामा, मी "कसोंडे साहेब" झालो. साहेब, पाणी घ्या. साहेब, इकडून या. परत निघेपर्यंत एक टोमणा नाही, माकडाचा उल्लेख नाही, बुटांकडे नजर नाही. मी मुद्दाम तिला उंदीरखाऊ म्हणून पाहिलं, तर म्हणाली, बरोबर आहे साहेब.  हत्तिणीची भीती हत्तीण गेल्यावर निम्मी झाली होती, पण या अदबीची भीती वाढतच चालली आहे. थट्टेच्या नात्यात समोरच्याने थट्टाच बंद केली, म्हणजे त्याने आपल्याला माणसांतून काढलं की काय? जेवताना तेच डोक्यात, आंघोळीला तेच. आणि येत्या आठवड्यात त्या तीन म्हाताऱ्यांना घेऊन मला त्याच वाटेवर, तिच्याच मागून चालायचं आहे. मला सगळ्याची भीती वाटते आहे, आणि त्यातली कुठली भीती कुठे संपते हेही आता कळेनासं झालं आहे.

बाकी इकडे सर्व क्षेम. मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, कोंबड्यांना काही नाही.

आपला आज्ञाधारक भाचा,
कसोंडे

ता. क. आता मुद्द्याचं. पाहुण्या शुक्रवारी उतरतात. तुम्ही गुरुवारी आजारी पडाल का? फार नको, पण भाच्याला तातडीने बोलवावं लागेल इतपत पडा. आईचा भाऊ अंथरुणाला खिळला म्हटल्यावर नालिशेबो बाईच काय, देशाचा कारभार पाहणारेसुद्धा रजा नाकारणार नाहीत. छातीतली धडधड पुन्हा सुरू झाली असं कळवलंत तर खोटंही ठरणार नाही. मामींना विश्वासात घ्या, नाहीतर त्या खरंच रडतील.

ता. क. दुसरा. बस बिघडली म्हणून पत्र अजून माझ्याकडेच आहे, आणि ते बरंच झालं. मघाशी लुआंग्वाच्या तळावरून फोन आला. पाहुण्या काय खातात ते विचारायला केला होता, मी सगळं सांगितलं, आणि मग फोन तोकोझानीने घेतला. म्हणाली, "काय रे माकडखाऊ, येतो आहेस ना? टेम्बो काका तुझ्यासाठी खड्डा खणताहेत. पोटापाशी जरा अरुंद होतोय, तेवढा वाळून ये." मामा, मी खुर्चीवरून उठून उभाच राहिलो. एवढं छान माझ्याशी कोणी कधी बोललं नव्हतं. मी कसंबसं म्हणालो की तू हळू आवाजात बस म्हणालीस की मी बसेन. "बघू," ती म्हणाली, पण हसली. तेव्हा कृपा करून आजारी पडू नका, अगदी शिंकूसुद्धा नका. उलट मागणी घालायला एक चांगला बोलका मध्यस्थ शोधा, मागणीच्या ताटात ठेवायचे मणी मामींकडून घ्या आणि त्याला चिपाटाला जेरे मंडळींच्या घरी धाडा. त्यांच्याकडचे लोक त्याला दारातच दिवसभर चिडवतील, म्हणून जाड कातडीचा माणूस निवडा. जमल्यास तुम्हीच बरोबर जा.

ता. क. तिसरा. तोकोझानीला यातलं अजून काहीच माहीत नाही. लुआंग्वाला पोचलो की वाटेत विचारीन म्हणतो. ती हसून नाही म्हणाली तर मी पुन्हा विचारीन. पण "नाही, साहेब" म्हणाली, तर मात्र मामा, ताबडतोब आजारी पडा.