आतल्या आवाजाची खात्रीलायक बातमी

३ मार्च, सकाळी
आजपासून आतल्या आवाजावर पूर्ण विश्वास. इतकी वर्षं बातमीदारी केली. मंत्री नुसता खोकला तरी राजीनाम्याचा वास मला आधी येतो. आपले शास्त्रकार अंतःप्रेरणेला प्रमाण मानायला कचरतात. त्यांना डेडलाइन नव्हती.
ताजी बातमी: वीस तारखेला माझी पन्नाशी. ही गुपचूप पार्टी देणार.

४ मार्च
ही दार लावून फोनवर बोलते. मी आत गेलो की गप्प. लेकीला विचारलं, तर म्हणे, बाबा, आईलाच विचार ना. धूर दिसला, म्हणजे अग्नी आहेच.

७ मार्च
हिनेच विषय काढला. म्हणे, पाणी तपासायच्या तिच्या लॅबची दुसऱ्या शहरात शाखा निघतेय, दोन वर्षांसाठी प्रमुख म्हणून तिला विचारलंय. वा! पार्टी लपवायला थेट बदली! मी गंभीर चेहऱ्याने अभिनंदन केलं. आप्तवाक्य, म्हणजे भरवशाच्या माणसाचा शब्द, हे प्रमाण खरं. पण आप्तच थापा मारायला लागले तर? तिथे आतला आवाज श्रेष्ठ.

८ मार्च, पहाटे
झोप नाही. पायाला भिंगरी. हॉलमध्ये माणसं किती मावतील ते फिरून पाहिलं. आभाराचं भाषण लिहायला घेतलं. आरंभी स्वरचित श्लोक. तिसऱ्या चरणात लंगडतो.

११ मार्च
मोठी नवी बॅग आली. माझी भेट! हळूच उघडली. आत हिचे स्वेटर. मला संशय येऊ नये म्हणून वर पसरून ठेवलेत. चतुर बाई.

१२ मार्च
हिने टीव्ही बंद केला, समोर बसली. म्हणाली, उद्या लॅबला हो की नाही ते कळवायचंय. तू नको म्हणालास तर नाही जाणार, खरं सांग. डोळ्यांत पाणीसुद्धा! नाटकात जायला हवं होतं हिने. मी डोळा मारला. म्हटलं, जा की बिनधास्त, मला काय धाड भरलीय! तिने रिमोट माझ्या हातात ठेवला. म्हणाली, बरं.
पोटात कसंतरी झालं. अपचन. आतला आवाज नव्हे. त्याला मी ओळखतो.

१५ मार्च
लेक विचारते, आई चाललीय, तुला काहीच कसं वाटत नाही? म्हटलं, वाटतं ना, आनंद! पाय आपटत गेली. अभिनय आईकडून आलाय.
श्लोक अजून लंगडतोच.

२० मार्च, संध्याकाळी
नवा शर्ट. भाषण खिशात. बेल वाजली. चेहऱ्यावर आश्चर्य आणून दार उघडलं.
टॅक्सीवाला. म्हणाला, मॅडमचं सामान कुठंय?

२० मार्च, नंतर
उद्या सकाळी तिला तिकडे हजर व्हायचंय. तुझ्या वाढदिवसापर्यंत तारीख पुढे ढकलून घेतली, म्हणाली. केक फ्रिजमध्ये आहे. टॅक्सीचं दार धरून मी म्हटलं, नको जाऊस. अगदी खरं म्हटलं.
ती हसली. म्हणाली, आता पुरे हं तुझी गंमत.
पोटात पुन्हा तसंच होतंय. अपचन म्हणावं, तर सकाळपासून काही खाल्लेलं नाही. पार्टीसाठी भूक राखून ठेवली होती.